लूव्रच्या फरसबंदीखालचा कोट: एका शहरी किल्ल्याचा नकाशा कसा हाती आला

मध्ययुगीन किल्ल्याचा नकाशा पुस्तकात पाहताना त्याच्या सगळ्या रेषा सारख्याच ठाम दिसतात. प्रत्यक्षात एक बाजू खणून मोजलेली असते, दुसरी एखाद्या चित्रावरून काढलेली असते, तिसरी शेजारच्या भिंतीवरून अंदाजानं पुढे नेलेली असते. छापताना शाई मात्र एकच वापरतात. पॅरिसच्या लूव्रचं, म्हणजे आजच्या प्रसिद्ध संग्रहालयाच्या जागी असलेल्या जुन्या कोटाचं, प्रकरण मी याच कारणासाठी निवडलं. त्या कोटाच्या प्रत्येक बाजूचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. 1980 च्या दशकात घेतलेल्या निर्णयांमुळे त्यातला काही पुरावा कायमचा हाती आला आणि काही कायमचा संपला. आपल्याकडे भुईकोटांवर काम करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईनं पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

1190 मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त तिसऱ्या क्रुसेडवर (धर्मयुद्धावर) निघाला. राजधानी मागे उघडी राहू नये म्हणून त्यानं सेन नदीच्या उजव्या तीरावर पॅरिसला दगडी तट घालायला सांगितलं. धोका पश्चिमेकडून होता. नदीच्या खालच्या अंगाला असलेला नॉर्मंडी प्रांत तेव्हा इंग्लंडच्या राजांच्या ताब्यात होता, आणि तिथून नदीकाठानं फौज आली तर पहिली धडक शहराच्या पश्चिम कडेला बसणार होती. म्हणून नवा तट जिथे नदीला भिडत होता तिथे, तटाच्या अगदी बाहेर, एक कोट उभारला गेला. तोच लूव्र. 1202 पर्यंत त्याचा मुख्य बुरूज उभा होता.

कोट जवळजवळ चौरस होता, सुमारे 78 मीटर बाय 72 मीटर. आपल्या मापात दीड एकरापेक्षा थोडा कमी. भोवती सेनच्या पाण्यानं भरलेला खंदक. तटाला दहा बुरूज: चार कोपऱ्यांवर चार, पश्चिम आणि उत्तर तटाच्या मध्यावर एकेक, आणि दक्षिण व पूर्व दरवाजांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. दक्षिणेचा दरवाजा नदीकडे उघडे, पूर्वेचा शहराकडे. अंगणाच्या मध्यभागी एक प्रचंड गोल बुरूज होता. व्यास 15 मीटर, उंची सुमारे 30 मीटर, तळाशी भिंत चार मीटरांहून जाड. म्हणजे आत वापरायला उरणारी जागा जेमतेम साडेसहा-सात मीटर व्यासाची. या बुरुजाला स्वतःचा वेगळा गोल खंदक होता आणि तो कोरडा होता. बाहेरचा तट पडला तरी आतला बुरूज लढत राहील, हा त्यामागचा हिशेब.

1204 मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या ताब्यात आली आणि ज्या धोक्यासाठी कोट बांधला तो बराच कमी झाला. बुरूज मात्र रिकामा राहिला नाही. 1214 मध्ये बुव्हीनच्या लढाईत पकडलेला फ्लँडर्सचा काउंट फेराँ याला तिथेच कैदेत ठेवलं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर शहर जुन्या तटाच्या बाहेर पसरलं, आणखी पश्चिमेला नवा तट आला आणि लूव्र शहराच्या पोटात गेला. मग राजा पाचव्या शार्लनं 1360 च्या दशकात रेमों द्यू ताँप्ल या स्थपतीकडून त्याचा राजवाडा करून घेतला. उत्तरेला आणि पूर्वेला नव्या इमारती उठल्या, एक भव्य गोल जिना झाला, वायव्येच्या बुरुजात राजाचा ग्रंथसंग्रह आला.

पुढची कथा पाडापाडीची आहे. 1528 मध्ये राजा पहिल्या फ्रांस्वानं मधला मोठा बुरूज पाडला. 1546 मध्ये स्थपती पिएर लेस्कोला पश्चिमेकडे नवी इमारत उभारण्याचं काम मिळालं. ती जुन्या पश्चिम तटाच्या जागेवरच चढली. पाठोपाठ दक्षिण बाजूचंही तसंच झालं. सतराव्या शतकात अंगण चौपट करायचं ठरलं, तेव्हा उत्तर आणि पूर्व बाजू टप्प्याटप्प्यानं पाडल्या. 1660 च्या सुमारास कोटाचा शेवटचा भाग गेला. आजचा कूर कारे हा भव्य चौक म्हणजे ते चौपट केलेलं अंगण. मूळ कोट त्याच्या नैऋत्य चतुर्थांशात बसतो.

प्रश्न

जमिनीवर कोटाचं काहीही उरलं नव्हतं. तरीही त्याची रचना जाणून घेणं महत्त्वाचं होतं, कारण चौकोनी आखणी, ठरावीक अंतरावर गोल बुरूज, दोन बुरुजांच्या मधला दरवाजा आणि स्वतंत्र खंदकाचा मुख्य बुरूज ही पद्धत फिलिप ऑग्युस्तच्या काळात फ्रान्सभर पसरली. 1220 च्या सुमारास बांधलेल्या दूर्दाँच्या कोटात मुख्य बुरूज मध्यातून उचलून कोपऱ्यात नेलेला दिसतो, स्वतःच्या खंदकासह. हा बदल का झाला, मध्यावरच्या बुरुजाची अडचण काय होती, हे समजायचं तर लूव्रचं अंगण नेमकं किती मोकळं होतं हे आधी कळायला हवं.

उत्खननाआधी हाताशी तीन प्रकारचे पुरावे होते.

पहिला चित्रांचा. बेरीच्या ड्यूकसाठी पंधराव्या शतकात सजवलेल्या प्रार्थनापोथीत ऑक्टोबर महिन्याच्या पानावर लूव्र दिसतो. पुढे नांगरलेलं शेत, पेरणी करणारा माणूस, धनुर्धाऱ्याच्या वेषातलं बुजगावणं, आणि नदीपलीकडे पांढराशुभ्र राजवाडा. धुराडी, टोकदार छपरं, मधोमध उंच बुरूज, सगळं बारीक रेषेत काढलेलं आहे. पण चित्रकार नदीच्या दक्षिण तीरावरून पाहतो आहे. त्यामुळे कोटाची दक्षिण बाजू समोर येते, पूर्वेची तिरकी दिसते, आणि उत्तर व पश्चिम बाजू मागे दडतात.

दुसरा कागदपत्रांचा. पाचव्या शार्लच्या बांधकामाचे हिशेब पॅरिसच्या हिशेब-न्यायालयात होते. 1737 च्या आगीत तिथलं दप्तर मोठ्या प्रमाणावर जळालं. सुदैवानं आंरी सोव्हाल नावाच्या सतराव्या शतकातल्या इतिहासकारानं त्यातली बरीच टिपणं आधीच उतरवून ठेवली होती. गोल जिन्याच्या पायऱ्यांसाठी शहरातल्या स्मशानातून थडग्यांचे दगड विकत आणले, इतका तपशील त्यात आहे. एवढं असूनही तो जिना अंगणात नेमका कुठे होता हे मोजपट्टी लावून त्यातून काढता येत नाही. हिशेबात खर्च कळतो, अंतर कळत नाही.

तिसरा पुरावा जमिनीचा. 1866 मध्ये इतिहासकार आदॉल्फ बेर्तीनं कूर कारेमध्ये खोदकाम करून पायांचा माग काढला आणि सापडलेली आखणी चौकाच्या फरसबंदीत दाखवली गेली. त्या काळात भिंत शोधायची, तिच्या कडेनं चर मारत पुढे जायचं आणि नकाशा पुरा करायचा, अशी सर्वसाधारण रीत होती. त्यातून भिंतीची जागा समजते. पण भिंतीला टेकलेले मातीचे थर त्याच चरात निघून जातात आणि भिंत कधी बांधली, कधी दुरुस्त झाली, खंदक कधी बुजवला हे सांगणारा दुवा तुटतो. याखेरीज 1882-83 च्या सुमारास पश्चिमेच्या इमारतीखाली जुन्या कोटातलं एक दालन हाती लागलं. भिंती फिलिप ऑग्युस्तच्या काळातल्या आणि कमानींचं छत तेराव्या शतकातलं. आज ते संत लुईचं दालन म्हणून ओळखतात.

इतकं सगळं हाती असताना 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांनी लूव्र संग्रहालयाच्या विस्ताराची घोषणा केली. 1983 मध्ये काम स्थपती आय. एम. पेई यांच्याकडे आलं. प्रवेशासाठी काचेचा पिरॅमिड, त्याखाली मोठं भूमिगत दालन आणि तिथून तिन्ही बाजूंच्या इमारतींत जाणारे मार्ग असा आराखडा होता. पूर्वेकडचा मार्ग थेट जुन्या कोटाच्या दिशेनं जात होता. त्यामुळे कोटाचं काय करायचं हे आता पुढे ढकलता येणार नव्हतं.

पर्याय

एक वाट अशी होती की बेर्तीचा नकाशा प्रमाण मानायचा आणि चौकाला हात लावायचा नाही. जमिनीखालचा पुरावा उद्याच्या चांगल्या तंत्रासाठी जपून ठेवणं हे पुरातत्त्वात नेहमीच सन्मानाचं असतं. पण इथे मार्ग नेण्यासाठी खोदाई होणारच होती, आणि बेर्तीनं नेमकं किती खोलवर पाहिलं यावर सगळा भार टाकावा लागला असता.

दुसरी वाट म्हणजे चाचणीपुरते चर. मोक्याच्या जागी छेद घ्यायचे, मापं तपासायची, थर नोंदवायचे आणि पुन्हा बुजवायचं. नकाशा दुरुस्त करायला हे बहुधा पुरलं असतं. शिवाय भरावाचा मोठा भाग जागेवर राहिला असता.

तिसरी वाट सर्वांत मोठी: उत्तर आणि पूर्वेचा खंदक मोठ्या लांबीवर, मधल्या बुरुजाचा खंदक पूर्ण गोल उघडायचा, आणि जे सापडेल ते जागेवरच ठेवून लोकांना त्यातून चालू द्यायचं. यात दोन उपप्रश्न होते. खड्डा वरून उघडा ठेवायचा की झाकायचा? उघडा ठेवला तर सतराव्या शतकात आकाराला आलेला चौक, जो स्वतःच स्थापत्याचा अनमोल ठेवा आहे, मधोमध फाटला असता. आणि दुसरा, जास्त नाजूक प्रश्न: कोणत्या काळाला दाखवायचं? खंदकात फिलिप ऑग्युस्तची भिंत आहे, तिला जोडून पाचव्या शार्लचं काम आहे, वर सोळाव्या-सतराव्या शतकाचा भराव आहे. भिंत दाखवायची तर भराव जाणार.

दक्षिण आणि पश्चिम बाजूंसाठी पर्यायच नव्हता. त्या उभ्या इमारतींच्या खाली आहेत.

काय केलं

तिसरी वाट धरली गेली. मिशेल फ्लरी आणि वेन्सेस्लास क्रुता यांच्या नेतृत्वाखाली 1983 ते 1985 या काळात कूर कारेमध्ये उत्खनन झालं. उत्तर आणि पूर्वेचे खंदक आणि मोठ्या बुरुजाचा तळ उघडा पडला. त्यावर छत टाकून वरचा चौक पुन्हा फरसबंद केला गेला. 1989 मध्ये पिरॅमिड लोकांसाठी खुला झाला तेव्हा हा मध्ययुगीन भागही पाहण्याच्या वाटेवर आला. आजही माणूस आधी उत्तरेच्या खंदकात उतरतो, मग पूर्वेच्या खंदकातून दरवाजापाशी येतो आणि तिथून आत वळून मोठ्या बुरुजाला वळसा घालतो.

त्याच वेळी पलीकडे कूर नापोलेओंमध्ये, म्हणजे आता पिरॅमिड आहे त्या चौकात, ईव्ह द किश यांच्या देखरेखीखाली दुसरं मोठं उत्खनन चाललं होतं. तिथे किल्ला नव्हता. किल्ल्याच्या पश्चिमेला शतकानुशतकं वाढलेली वस्ती होती: घरांचे पाये, तळघरं, विहिरी, फ्रुआमांतो गल्लीसारखे रस्ते. ते सगळं नोंदवलं गेलं आणि भूमिगत दालनासाठी काढून टाकलं गेलं.

काय सापडलं

पहिली गोष्ट म्हणजे किल्ला वाचला तो खाली. पाडणाऱ्यांनी भिंती जमिनीच्या पातळीपर्यंत उतरवल्या, पण खंदकात उतरलेला भाग उपटून काढायचे कष्ट घेतले नाहीत. जुनं घर पाडताना जोतं तसंच ठेवून वरून मुरूम टाकावा, तसा पडझडीचा माल खंदकात ढकलून वर जमीन केली. त्यामुळे बुरुजांचे पाय, बाहेरच्या बाजूला ढाळ दिलेला तटाचा तळ आणि खंदकाची पलीकडची भिंत माणसाच्या उंचीच्या कितीतरी वरपर्यंत शाबूत राहिली. जवळून पाहिलं की मध्यम आकाराचे, नेमके घडवलेले चुनखडीचे दगड, त्यांचे समतल थर आणि परांची बांधण्यासाठी सोडलेली भोकं दिसतात.

काही दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत. त्यातली हृदयाच्या आकाराची खूण पाहणाऱ्यांच्या नजरेत पटकन भरते. अशा खुणा मध्ययुगीन बांधकामांत सर्वत्र आढळतात. कोणी किती दगड घडवले याची मोजदाद ठेवायला त्या लागत, असं साधारणपणे मानलं जातं. अभ्यासकाला त्यांचा उपयोग वेगळा होतो. लांब अंतरावरच्या दोन बुरुजांवर एकाच हातची खूण दिसली, तर ती कामं एकाच सुमाराची असण्याची शक्यता वाढते. नुसत्या मापांच्या नकाशात ही गोष्ट कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट पूर्वेच्या दरवाजाची. दोन्ही बुरुजांचे तळ आणि त्यांच्यासमोर खंदकात उभा असलेला दगडी खांब सापडला. उचलत्या पुलाचा भार त्यावर होता. यामुळे दरवाजाची जागा आणि त्यातून आत शिरण्याची दिशा हे दोन्ही निश्चित झालं. शहराकडून येणारा माणूस दोन बुरुजांच्या माऱ्यात अरुंद पुलावरून येई आणि दरवाजा ओलांडला की समोर मोठा बुरूज त्याची वाट अडवून उभा असे. चित्रात ही बाजू तिरकी दिसते, जमिनीत ती सरळ मोजता येते. दोन्ही पुरावे एकमेकांवर तपासता येतील अशा जागा दोनच: पूर्व बाजू आणि मधला बुरूज. या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. चित्रात जी दक्षिण बाजू स्पष्ट आहे ती आज इमारतीखाली आहे. जमिनीतून मिळालेली उत्तर बाजू चित्रात नाही. दोन अर्धे तुकडे या दोन जागांच्या आधारानंच जुळतात.

तिसरी, मोठ्या बुरुजाची. त्याचा तळ आणि भोवतीचा कोरडा खंदक उघडल्यावर त्याचा अंगणाशी असलेला संबंध डोळ्यांना दिसू लागला. 72 मीटर रुंदीच्या कोटात पश्चिमेला आणि दक्षिणेला इमारती, मध्यात 15 मीटरांचा बुरूज, त्याभोवती खंदक. उरलेलं अंगण म्हणजे एक कडं. हत्यारबंद माणसं, घोडे, गाड्या, सगळ्यांनी त्या कड्यातूनच फिरायचं. संरक्षणाला उत्तम, राहायला अतिशय गैरसोयीचं. पहिल्या फ्रांस्वानं सर्वांत आधी हाच बुरूज का पाडला आणि दूर्दाँच्या बांधणाऱ्यांनी तो कोपऱ्यात का नेला, या दोन्हींमागचं एक कारण या मापांत उभं आहे असं मला वाटतं.

बुरुजाच्या आत विहीर होती. 1984 मध्ये त्या विहिरीतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचे शंभरावर तुकडे निघाले. ते जुळवल्यावर एक समारंभी शिरस्त्राण तयार झालं. त्यावरची राजचिन्हं आणि राजाच्या वस्तूंच्या जुन्या यादीतलं वर्णन यांवरून ते सहाव्या शार्लचं असल्याचं ठरलं. इतकी मौल्यवान वस्तू मोडून विहिरीत कोणी टाकली असेल? चोरीचा माल लपवला असावा, हा एक तर्क आहे. रचनेच्या दृष्टीनं मात्र शिरस्त्राणापेक्षा विहीर महत्त्वाची. स्वतःचा खंदक आणि स्वतःचं पाणी असलेला बुरूज हा बालेकिल्लाच झाला.

चौथी गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोन खंदक वेगवेगळ्या काळात बुजले. बुरुजाभोवतीचा 1528 च्या पाडकामाशी जोडलेला, बाहेरचा सतराव्या शतकातल्या पाडकामाशी. मध्ये शंभराहून अधिक वर्षांचं अंतर. एकाच किल्ल्यात तारीख माहीत असलेले दोन बंद भराव मिळणं ही दुर्मीळ संधी असते. आतल्या भरावात राजवाड्याचं आधीचं जगणं असतं आणि बाहेरच्यात नंतरचं: फुटकी भांडी, हाडं, कौलं, चामडं. त्यांची तुलना करून त्या घराण्याचं खाणंपिणं, वापरातल्या वस्तू आणि बांधकामाचं साहित्य कसं बदललं हे मांडता येतं.

निष्पत्ती

नकाशाच्या बाजू आता वेगवेगळ्या वजनानं वाचायला हव्यात. उत्तर आणि पूर्व खणून पाहिलेल्या आहेत, त्यांच्यावर सर्वाधिक भरवसा. मधला बुरूजही तसाच. पश्चिमेला संत लुईच्या दालनाचा आधार आहे आणि वरच्या इमारतीनं जुन्या तटाची जागा धरून ठेवली आहे, पण तटाची बाहेरची बाजू लांबवर मोकळी पाहता येत नाही. दक्षिण बाजू, म्हणजे नदीकडचा मुख्य दरवाजा, मुख्यतः चित्रांवर आणि उरलेल्या बाजूंशी जुळवून घेतलेली आहे. दहा बुरूज हा आकडा घट्ट आहे. पण प्रत्येक बुरुजाबद्दल आपल्याला सारखंच ठाऊक आहे असं मानणं चुकीचं ठरेल.

वरच्या मजल्यांबद्दल जमीन गप्प आहे. पाचव्या शार्लची छपरं, खिडक्या, पुतळे, तो गोल जिना, यांच्यासाठी सोव्हालची टिपणं आणि ऑक्टोबरचं ते पानच पाहावं लागतं. उलट त्या पानावरून खंदकाचा ढाळ किंवा तटाची जाडी कधीच कळली नसती.

लोकांच्या दृष्टीनं यश निर्विवाद आहे. किल्ल्याच्या खंदकात उभं राहून वर बुरुजाकडे पाहणं आणि फरसबंदीतली आखणी पाहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हल्लेखोराला किल्ला जसा दिसला असता तसा तो तिथून दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

भरावाचा एक पट्टा तळापासून वरपर्यंत न खोदता उभा ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. आज खंदकातून चालणाऱ्याला स्वच्छ भिंत दिसते. ती भिंत तीनशेहून अधिक वर्षं मातीखाली होती आणि त्या मातीतच तिच्या शेवटाची हकीकत होती. एक-दोन मीटर रुंदीचा पट्टा काचेआड राहिला असता, तर गाळ, वापरातला कचरा, पाडकामाचा राडारोडा आणि वरची भरणी असे थर कोणालाही वाचता आले असते. शिवाय पुढच्या पिढीच्या प्रयोगशाळेसाठी न हाताळलेला नमुना शिल्लक राहिला असता. परागकण, बिया, खंदकातल्या पाण्याचे अवशेष यांचा अभ्यास 1980 च्या दशकानंतर फार पुढे गेला आहे.

दुसरा मुद्दा किल्ला आणि गाव यांच्यातल्या भेदभावाचा आहे. एकाच प्रकल्पात कोटाचा खंदक जपला गेला आणि त्याला लागून असलेली वस्ती नोंदवून हलवली गेली. दालनासाठी जागा हवी होती, हे कारण खरं आहे. पण शहरी किल्ल्याचा अर्थ त्याच्या तटाच्या आत संपत नाही. रस्ते कुठून वळले, किल्ल्याजवळ घरं किती अंतरावर थांबली, शहर पुढे सरकल्यावर मोकळी जागा कशी भरत गेली, या सगळ्याचा पुरावा त्या घरांच्या पायांत होता. फ्रुआमांतो गल्लीचा एखादा तुकडा, दोन घरांच्या पायांसह, दालनाच्या कडेला जागेवर ठेवता आला असता तर कोट आणि गाव एकत्र पाहता आले असते. नोंदी आहेत, वस्तू आहेत. पण जागा गेली की तिच्याकडे नवा प्रश्न घेऊन परत जाता येत नाही.

तिसरं, प्रदर्शनात पुराव्याचा दर्जा दाखवता येतो. मांडलेल्या प्रतिकृतीत खणलेला भाग एका रंगात, चित्रावरून घेतलेला दुसऱ्या रंगात आणि तर्कानं जोडलेला तिसऱ्या रंगात दाखवायला खर्च येत नाही. पाहणाऱ्याला मात्र अभ्यास कसा होतो ते कळतं.

चौकावर छत टाकण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. त्यामुळे खालचा कोट बंद हवेत आणि कृत्रिम उजेडात गेला हे खरं, पण वर आणि खाली असे दोन काळ एकाच जागी टिकले. कोणत्या तरी एकाचा बळी देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रातले अनेक भुईकोट शहरांनी चहूबाजूंनी घेरलेले आहेत. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग हे त्यातलं सर्वांच्या परिचयाचं नाव. अशा ठिकाणी खंदक म्हणजे रिकामी, घाण साचलेली जागा असं समजून तो साफ करायला जेसीबी लावण्याची घाई होते. उत्साह खरा असतो, किल्ल्यावरचं प्रेमही खरं असतं. लूव्रचा अनुभव सांगतो की शहरी कोटाचा सर्वांत भरवशाचा पुरावा बहुतेक वेळा याच भरावात आणि त्याखालच्या भिंतीत असतो. म्हणून संवर्धनाच्या कामाला हात घालताना क्रम उलटा हवा. आधी जुने नकाशे, मोजणीचे कागद आणि छायाचित्रं एकत्र करायची. मग पुरातत्त्व विभागाच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली खंदकाला आडवा एक छेद घ्यायचा, थर काढून रेखाटायचे, त्यांचे फोटो घ्यायचे. प्रत्येक थरातल्या वस्तू वेगळ्या पिशवीत, थराचा क्रमांक टाकून ठेवायच्या. त्यानंतरच उरलेल्या गाळाला हात लावायचा, आणि तेव्हाही एक पट्टा मूळ जागी तसाच सोडायचा. तटाच्या दगडांवर खुणा असतील तर त्या चुन्याचा गिलावा चढण्याआधी टिपून घ्यायच्या. नकाशा काढताना प्रत्येक बाजूच्या रेषेशेजारी ती कशावरून काढली ते लिहायचं: मोजलेली, चित्रातली, की अंदाजाची.